तलाठ्याचं दप्तर ते लाल बावटा

मित्रहो, ही गोष्ट सुरू होते आपल्या मेसमध्ये.

निवडणुकीचे दिवस होते. टीव्हीवर कुठल्या तरी पुढाऱ्याच्या पक्षप्रवेशाची बातमी चालू होती. गळ्यात नवा गमछा, हातात गुच्छ, चेहऱ्यावर तेच जुनं हसू! माझा रूम पार्टनर बीडचा. त्याने ताट बाजूला सरकवलं आणि जाहीर केलं की ज्याने पक्ष बदलला तो माणूस संपला, त्याच्या शब्दाला काडीची किंमत नाही. मी सांगलीचा. आमच्याकडे राजकारण पोळीबरोबर भाजीसारखं रोज लागतं. मी लगेच बाह्या सरसावल्या. परिस्थिती बदलली की माणूस बदलणारच, असं काहीबाही बोललो. तो म्हणाला, एक नाव सांग. एक असा माणूस दाखव, जो पक्ष बदलूनही मोठा राहिला. मला एकही नाव सुचलं नाही. वरण थंड झालं, मेसचे मामा भांडी गोळा करायला आले, आणि आम्ही दोघे चार दिवस एकमेकांशी बोललो नाही. एकाच खोलीत चार दिवस न बोलता राहणं काय असतं, हे हॉस्टेलवाल्यांना वेगळं सांगायला नको!

दिवाळीच्या सुट्टीत गावी गेलो. आमचं गाव वाळवा तालुक्यात, कृष्णेच्या काठाला. रात्री ओसरीवर आजोबांना हा किस्सा सांगितला. आजोबा तंबाखू मळत ऐकत होते. मग त्यांनी मलाच विचारलं की आपले नाना पाटील किती पक्षांत होते, ठाऊक आहे का? मी गप्प. दर वर्षी जयंतीला हार घालताना पाहिलेला पुतळा, फेटा, भरदार मिशा, धिप्पाड देह, पत्री सरकार. माझी माहिती इथे संपत होती. आजोबांनी बोटं मोजली. आधी सत्यशोधक, मग काँग्रेस, मग शेतकरी कामगार पक्ष, मग कम्युनिस्ट. आणि शेवटी म्हणाले की दुसऱ्यांदा ते खासदार झाले ते तुझ्या त्या मित्राच्या बीडमधून!

मी उडालोच. नाव माझ्याच तालुक्यात होतं आणि मी मेसमध्ये तोंडात मारल्यासारखा बसलो होतो. मग सुट्टीत आणि नंतर लायब्ररीत जे मिळेल ते वाचलं, आजोबांना आणि गावातल्या म्हाताऱ्यांना विचारलं. त्यातून जे हाती लागलं ते इथे मांडतोय. मी इतिहासाचा विद्यार्थी नाही, मेकॅनिकलचा आहे, तेव्हा सांभाळून घ्या.

नानांचं पूर्ण नाव नाना रामचंद्र पिसाळ. घराण्यात पाटीलकी, म्हणून पाटील. जन्म ३ ऑगस्ट १९००, आजोळी बहे-बोरगावला. मूळ गाव येडेमच्छिंद्र. आज ही गावं सांगली जिल्ह्यात आहेत, पण तेव्हा सांगली जिल्हाच नव्हता. सातारा हाच मोठा थोरला जिल्हा होता. १९४९ मध्ये त्याचे दोन भाग झाले, दक्षिण सातारा वेगळा निघाला आणि १९६० मध्ये त्याचं नाव सांगली झालं. त्यामुळे नाना साताऱ्याचे की सांगलीचे, हा आपल्याकडचा वाद तसा बिनबुडाचा. दोघांचेही!

घर शेतकऱ्याचं. वातावरण वारकरी. नानांना कुस्तीचा नाद होता आणि शरीर तसं होतंही. शिक्षण मराठी सातवीपर्यंत, म्हणजे त्या काळची व्हर्नाक्युलर फायनल. तेवढ्यावर त्यांना तलाठ्याची नोकरी मिळाली.

आता तलाठ्याची नोकरी म्हणजे काय, हे गावाकडच्या पोरांना माहीत आहे. आज सातबारा मोबाईलवर निघतो. तेव्हा अख्ख्या गावाचं नशीब तलाठ्याच्या दप्तरात असायचं. जमीन कोणाची, कसतो कोण, सारा किती, थकला किती, गहाण कोणाकडे. ज्याच्या हातात दप्तर त्याला कळतं की कागदावर मालक एक आहे आणि उन्हात राबणारा दुसराच आहे. पीक बुडालं तरी सारा भरायचा, सारा भरायला सावकाराकडे जायचं, आणि सावकाराच्या वहीवर अंगठा उमटला की जमीन हळूहळू त्याच्या नावावर सरकायची. हे सगळं तलाठ्याच्या डोळ्यांदेखत घडतं. मला वाटतं, नानांचं राजकारण पुस्तकातून आलं नाही, ते या दप्तरातून आलं. पुढे त्यांनी चार झेंडे हातात घेतले, पण दप्तरातली ती माणसं त्यांच्या डोळ्यांसमोरून कधी हलली नाहीत, असं त्यांचं आयुष्य पाहिलं की वाटतं.

त्या काळात आपल्या भागात सत्यशोधक चळवळीचं मोठं वारं होतं. महात्मा फुले यांनी १८७३ मध्ये सत्यशोधक समाज काढला. फुल्यांचं मूळ गाव कटगुण हेही सातारा जिल्ह्यातलंच. गावोगाव सत्यशोधकी जलसे व्हायचे. भटजीशिवाय लग्न लावा, कर्ज काढून बारसं-लग्नं करू नका, पोरांना शाळेत घाला, हे सगळं गाण्यांतून आणि वगातून सांगितलं जायचं. नानांवर हा पहिला संस्कार. ही चळवळ काँग्रेसकडे तेव्हा संशयाने बघायची. काँग्रेस म्हणजे शहरातल्या शिकलेल्या उच्चवर्णीयांची, असं बहुजन समाजातल्या पुष्कळांचं मत होतं. म्हणजे तरुण नाना जर तिथेच थांबले असते, तर काँग्रेसमध्ये कधी गेलेच नसते.

पण १९३० साल आलं. गांधीजींनी मीठ उचललं. आपल्या भागात समुद्र कुठला? इथे जंगल सत्याग्रह झाले. शिराळ्याकडचं बिलाशी हे गाव त्यात गाजलं. खेड्यातली साधी माणसं, त्यात बायकासुद्धा, सरकारी जंगलाचा कायदा मोडायला उभी राहिली आणि पोलिसांच्या लाठ्या खाल्ल्या. ज्या काँग्रेसला शहरी म्हणून नावं ठेवली जात होती, तिच्या झेंड्याखाली आता आपलेच शेतकरी मार खात होते. नानांनी तलाठ्याची नोकरी सोडली आणि चळवळीत उडी घेतली. सरकारी नोकरी सोडणं म्हणजे काय, हे आज प्लेसमेंटची वाट बघणाऱ्या आपल्याला चांगलंच समजेल! त्यानंतरच्या दहा-बारा वर्षांत तुरुंगाच्या वाऱ्या सुरू झाल्या. बाहेर आले की गावोगाव सभा. त्यांची भाषा पुस्तकी नव्हती. शेतातल्या, कीर्तनातल्या, तालमीतल्या भाषेत ते बोलायचे आणि माणसं बैलगाड्या जुंपून ऐकायला यायची.

इथे पहिली गोष्ट माझ्या लक्षात आली. नाना काँग्रेसमध्ये गेले, पण सत्यशोधकी शिकवण त्यांनी दारात ठेवली नाही. ती बरोबर नेली. कमी खर्चातली, हुंड्याशिवायची, हार घालून लागणारी लग्नं आपल्या भागात गांधी लग्न या नावाने रूढ झाली. नाव गांधींचं, पण मूळ कल्पना कोणाची, हे फुल्यांना मानणाऱ्यांना बरोबर कळेल.

मग आलं १९४२. ऑगस्टमध्ये चले जावची हाक दिली गेली आणि मोठे नेते एका रात्रीत आत गेले. सातारा जिल्ह्यात लोकांनी मामलेदार कचेऱ्यांवर मोर्चे काढायला सुरुवात केली. हातात तिरंगा, तोंडात घोषणा, बाकी काही नाही. ३ सप्टेंबरला तासगावचा मोर्चा निघाला. तो शांततेत पार पडला, कचेरीवर झेंडा लागला. पण ९ सप्टेंबरला वडूजला गोळीबार झाला. परशुराम घार्गे यांच्यासह नऊ माणसं गेली. लगेच दुसऱ्या दिवशी, १० सप्टेंबरला इस्लामपूरला गोळीबार झाला आणि त्यात पंड्या आणि बारपटे हे दोघे हुतात्मा झाले. यातले उमाशंकर पंड्या हे कोण होते माहीत आहे? किर्लोस्करवाडीच्या कारखान्यातले इंजिनिअर! मी हे वाचलं तेव्हा पुस्तक मिटून थोडा वेळ तसाच बसून राहिलो. आपल्याच शाखेतला, आपल्याच भागात नोकरी करणारा एक माणूस मोर्चात चालत गेला आणि परत आला नाही. इस्लामपूरच्या स्टँडवरून मी शेकडो वेळा गेलो असेन. एकदाही हे नाव मनात आलं नव्हतं.

हे दोन गोळीबार म्हणजे नानांच्या आणि त्यांच्या साथीदारांच्या आयुष्यातलं मोठं वळण. तोपर्यंत मार्ग सत्याग्रहाचा होता. आपण कायदा मोडायचा, स्वतःला अटक करून घ्यायची आणि समोरच्याला लाज वाटेल याची वाट बघायची. पण निःशस्त्र माणसांवर गोळ्या झाडल्या गेल्यावर पुष्कळ तरुणांचा त्या मार्गावरचा विश्वास उडाला. अटक करून घ्यायची नाही, पकडून द्यायचं नाही, असं ठरलं. नाना भूमिगत झाले ते १९४६ पर्यंत. सरकारने त्यांच्यावर इनाम लावलं. साडेतीन वर्षांहून जास्त काळ हा सहा फुटी, कुठेही चटकन ओळखू येईल असा माणूस गावांतून, ओढ्यांतून, उसाच्या फडांतून फिरत होता आणि त्याला कोणी पकडून दिलं नाही. याचं श्रेय नानांना जेवढं, तेवढंच न बोललेल्या त्या हजारो माणसांना.

याच काळात प्रतिसरकार उभं राहिलं. नाना त्याचे प्रमुख, सगळ्यांना माहीत असलेला चेहरा. पण प्रत्यक्ष यंत्रणा अनेकांनी चालवली. कुंडलचे जी. डी. बापू लाड, वाळव्याचे नागनाथअण्णा नायकवडी, किसन वीर, पांडू मास्तर, आणि तुफान सेनेचे कॅप्टन भाऊ, म्हणजे रामचंद्र श्रीपती लाड. सुमारे दीडशे गावांत हे सरकार चाललं असं सांगतात. इंजिनिअरिंगच्या भाषेत बोलायचं तर ही नुसती तोडफोड नव्हती, एक पर्यायी सिस्टिम होती. गावात न्यायदान मंडळ, जमिनीच्या तंट्यांचे निवाडे, सावकारीला आळा, दारूबंदी, गांधी लग्नं, वाचनालयं. पैसा उभा करायला इंग्रज सरकारचाच खजिना! ७ जून १९४३ ला शेणोलीजवळ पगाराची रेल्वे लुटली, १४ एप्रिल १९४४ ला पार धुळे जिल्ह्यात चिमठाण्याजवळ सरकारी खजिना लुटला. आणि लपायला संस्थानांच्या हद्दी. कुंडल हे तेव्हा औंध संस्थानात होतं. इंग्रजी पोलिसांची हद्द एका ओढ्याला संपायची आणि औंधच्या राजाची सुरू व्हायची. नकाशातल्या त्या फटीचा या मंडळींनी पुरेपूर उपयोग केला.

मग पत्री सरकार हे नाव का पडलं? गुंड, पोलिसांचे खबरे, गरिबाला नाडणारे यांना प्रतिसरकार शिक्षा करायचं. तळपायावर काठीने मारायचे. बैलाच्या खुराला पत्री ठोकतात, त्यावरून लोक त्याला पत्री मारणं म्हणू लागले, आणि प्रतिचं पत्री झालं. लहानपणी हे ऐकताना आम्हांला मजा वाटायची. आज वाचताना तेवढी मजा वाटत नाही. जिथे वकील नाही, अपील नाही, तिथे एखादा निर्दोष माणूस सापडला असेल तर? ही शंका मी गावातल्या एका जाणत्या गृहस्थांना विचारली. ते रागावले नाहीत. पण सरळ उत्तरही त्यांनी दिलं नाही. गांधीजींना हा मार्ग मान्य होण्यासारखा नव्हताच. १९४४ मध्ये तुरुंगातून सुटल्यावर त्यांनी भूमिगतांना उघड होण्याचा सल्ला दिला. साताऱ्याची चळवळ मात्र चालूच राहिली. गांधींचं नाव घेणारी, गांधी लग्नं लावणारी माणसं गांधींचाच सल्ला मानत नव्हती. वडूजला जे पाहिलं त्यानंतर त्यांना तो मानता आला नसेल. हे बरोबर होतं की चूक, हे मी ठरवू शकत नाही. पण ते का झालं, हे मला आता समजतं.

या सगळ्याची किंमत कोणी दिली? नानांच्या घरच्यांनी. घर आणि जमीन सरकारने जप्त केली. एकेकाळी ज्या हातांनी सरकारी दप्तर लिहिलं, त्याच माणसाची जमीन सरकारजमा झाली! त्यांची मुलगी हौसाबाई लहानपणीच आईला पारखी झाली होती आणि आजीजवळ वाढली होती. घर गेल्यावर मामांनी एक बैलजोडी आणि गाडी दिली. गूळ, शेंगा, ज्वारी वाहून त्या भाड्यावर आजी आणि नात दिवस काढत. पण ही मुलगी नुसती सोसत बसली नाही. पुढे ती स्वतः चळवळीत आली. १९४३ मध्ये भवानीनगरच्या पोलीस चौकीसमोर नवरा-बायकोच्या भांडणाचं खोटं नाटक झालं, त्यात मार खाणारी बायको झाल्या त्या हौसाबाईच. पोलीस भांडण सोडवायला बाहेर आले आणि इकडे साथीदारांनी चौकीतल्या बंदुका पळवल्या. या हौसाबाई २३ सप्टेंबर २०२१ ला, नव्वदी ओलांडून वारल्या. म्हणजे मी बारावीत होतो तोपर्यंत त्या होत्या. मला भेटायला जाता आलं असतं. गेलो नाही.

भूमिगत असतानाच नानांची आई वारली. पोलीस टपून बसलेले असणार हे माहीत असूनही त्यांनी जिवावर उदार होऊन आईचे अंत्यसंस्कार केले. आपल्याकडे ही हकीगत म्हातारी माणसं अजून डोळ्यांत पाणी आणून सांगतात. साथीदारही गेले. मणदूरजवळच्या चकमकीत किसन अहिर आणि नानकसिंग हे दोघे पडले. वाळव्याच्या हुतात्मा साखर कारखान्याला ज्यांचं नाव आहे, तेच हे किसन अहिर.

१९४६ मध्ये मुंबई प्रांतात काँग्रेसचं मंत्रिमंडळ आलं आणि नाना उघड झाले. सभांना मुंग्यांसारखी माणसं लोटली. स्वातंत्र्य दारात उभं होतं. आता खरं तर आरामात बसायचे दिवस. ज्याच्यावर कालपर्यंत इनाम होतं, त्याला सत्तेच्या पंगतीत पाट मिळाला असता. आणि इथेच नानांनी काँग्रेस सोडली!

का सोडली? मला जे समजलं ते असं. स्वातंत्र्य कोणासाठी, हा प्रश्न त्यांनी सोडला नव्हता. इंग्रज गेला, पण दप्तर तेच राहिलं. सावकार तोच, कसणारा तोच, मालकही तोच. काँग्रेसमध्ये जमीनदार आणि भांडवलदारांचं वजन वाढतंय, शेतकरी-कामकरी मागे पडतोय, असं बहुजन समाजातल्या अनेक कार्यकर्त्यांना वाटू लागलं होतं. केशवराव जेधे, शंकरराव मोरे यांनी शेतकरी कामगार पक्ष काढला आणि नाना त्यांच्याबरोबर गेले. पुढे या पक्षातही फाटाफूट झाली. स्वतः जेधे आणि मोरे काही वर्षांनी काँग्रेसमध्ये परतले. नाना परतले नाहीत. ते आणखी डावीकडे, कम्युनिस्ट पक्षात गेले. १९५५ मध्ये डहाणूला अखिल भारतीय किसान सभेचं अधिवेशन झालं, तिचे ते अध्यक्ष झाले.

आता यातली गंमत बघा. १९४२ मध्ये कम्युनिस्ट पक्ष चले जावच्या विरोधात होता. हिटलरने रशियावर हल्ला केल्यामुळे त्यांच्या लेखी ते लोकयुद्ध झालं होतं. म्हणजे ज्या लढ्यासाठी नानांनी घरदार घालवलं, त्या लढ्यापासून जो पक्ष बाजूला राहिला, त्याच पक्षाचा बावटा त्यांनी दहा-बारा वर्षांनी खांद्यावर घेतला. माझ्या रूम पार्टनरला हे सांगितलं असतं तर तो म्हणाला असता, बघ, झाला ना संधिसाधू! मलाही इथे अडखळायला झालं. पण संधी कुठली? सत्ता काँग्रेसकडे होती. सत्तेत जाणाऱ्याला संधिसाधू म्हणता येईल. सत्ता सोडून विरोधात, आणि तिथूनही आणखी अडचणीच्या वाटेने जाणाऱ्याला काय म्हणायचं? मला वाटतं, कोण १९४२ मध्ये कुठे होतं यापेक्षा कसणाऱ्याच्या बाजूने आज कोण उभं आहे, हा हिशेब त्यांनी धरला असावा. हा माझा अंदाज आहे, चुकीचाही असेल.

१९५७ ची निवडणूक संयुक्त महाराष्ट्राच्या धुमाळीत झाली. नाना समितीच्या बाजूने उभे राहिले आणि साताऱ्यातून लोकसभेवर निवडून आले. त्याच निवडणुकीत शेजारी कऱ्हाडला यशवंतराव चव्हाण काँग्रेसकडून उभे होते आणि अगदी थोड्या मतांनी वाचले. यशवंतरावही देवराष्ट्र्याचे, आपल्याच मातीतले, तेही १९४२ चे भूमिगत. पंधरा वर्षांपूर्वी एकाच पोलिसांना चुकवणारी माणसं आता समोरासमोर होती. आजोबांनी लहानपणी नानांची एक सभा ऐकली होती. नाना काय बोलले ते त्यांना आठवत नाही. आठवतं ते एवढंच की माईक बंद पडला आणि कोणाचं काही अडलं नाही, शेवटच्या माणसापर्यंत आवाज पोचत होता! दिल्लीला गेल्यावरही नाना आपली भाषा विसरले नाहीत. लोकसभेत मराठीतून बोलणारे खासदार म्हणून त्यांचं नाव आजही घेतलं जातं.

१९६२ मध्ये साताऱ्यातून काँग्रेसचे किसन वीर निवडून आले. हे तेच किसन वीर, प्रतिसरकारातले. आणि १९६७ मध्ये नाना पुन्हा लोकसभेत गेले ते थेट बीडमधून, कम्युनिस्ट पक्षाच्या तिकिटावर. ना जात, ना गाव, ना पाहुणेरावळे. तरी मराठवाड्यातल्या लोकांनी या साताऱ्याच्या माणसाला आपला खासदार केला. ६ डिसेंबर १९७६ ला नाना गेले. त्यांच्याच इच्छेप्रमाणे वाळव्याला त्यांचे अंत्यसंस्कार झाले.

मित्रहो, हे सगळं वाचताना एक प्रश्न मला सारखा टोचत होता. अनुभवाने माणसाचं राजकारण घडतं म्हणावं, तर मग एकाच अनुभवातून सगळे एकाच ठिकाणी का पोचले नाहीत? किसन वीर आणि यशवंतराव काँग्रेसमध्ये राहिले. वसंतदादा पाटील, ज्यांनी १९४३ मध्ये सांगलीचा तुरुंग फोडला, तेही काँग्रेसमध्येच राहिले आणि मुख्यमंत्री झाले. जी. डी. बापू आणि नागनाथअण्णा डावीकडे राहिले आणि त्यांनी साखर कारखाने, शाळा, पाण्याच्या चळवळी उभ्या केल्या. गोळीबार सगळ्यांनी पाहिला होता. पण पाहिलेल्या गोष्टीचा अर्थ ज्याने त्याने वेगळा लावला. कोणाला वाटलं, आता राज्य आपलं आहे, ते नीट चालवू. कोणाला वाटलं, राज्य अजून आपलं झालंच नाही. मटेरियल एकच, लोडही एकच, पण प्रत्येक नमुना वेगळ्या ठिकाणी वाकतो, हे आपण लॅबमध्ये बघतोच की!

इथे माझं स्वतःचं थोडं सांगतो. नववीत असताना वक्तृत्व स्पर्धेत मी कर्जमाफीच्या विरोधात बोललो होतो. फुकट मदतीने माणूस आळशी होतो, ज्याने त्याने आपल्या पायावर उभं राहावं, वगैरे. टाळ्याही मिळाल्या, नंबरही आला. घरी शेती असून मी हे बोललो, यावर वडील काही म्हणाले नाहीत. मग २०१९ चा ऑगस्ट आला. कृष्णेचं पाणी घरात शिरलं. आम्ही एका शाळेच्या वर्गात सतरंजीवर झोपलो आणि कोण कुठल्या लोकांनी पाठवलेली भाकरी रांगेत उभं राहून घेतली. ऊस कुजला, म्हैस गेली. त्या रांगेत माझ्यापुढे वडील होते. पाठमोरे. त्या दिवशी माझं भाषण मला शब्द न् शब्द आठवलं. मी त्यानंतर ते कधी म्हटलं नाही. मी पक्ष बदलला नाही, मला तेव्हा मतही नव्हतं, पण माझं मत बदललं होतं. हे मी आजवर कोणाला सांगितलं नव्हतं, कारण मत बदलणं म्हणजे हरणं, असं मलाही वाटायचं.

नानांच्या आयुष्यातून मी एक साधी कसोटी उचलली आहे. कोणी बाजू बदलली की आधी बघायचं, बदलल्यामुळे त्याला काय मिळालं आणि त्याचं काय गेलं. नोकरी सोडून नाना काँग्रेसमध्ये गेले. जमीन गेली तेव्हा ते भूमिगत होते. सत्ता आली तेव्हा ते बाहेर पडले. प्रत्येक वळणावर पदरचं काहीतरी गेलंच. आणि दुसरं बघायचं ते हे की झेंडा बदलला तरी माणसं तीच राहिली का. नानांची माणसं तीच राहिली, कसणारी, राबणारी, अंगठा उठवणारी. टीव्हीवरच्या त्या गमछावाल्याला ही कसोटी लावून बघा. उत्तर तुमचं तुम्हांला मिळेल.

सुट्टी संपवून हॉस्टेलला आलो. पिशवीत आईने दिलेले लाडू होते. रूम पार्टनर आधीच आला होता. मी डबा त्याच्यापुढे ठेवला आणि सांगितलं की एक नाव सापडलंय, आणि तो माणूस तुमचाही खासदार होता. त्याने आधी विश्वास ठेवला नाही. मग त्याने घरी फोन लावून त्याच्या आजोबांना विचारलं. पलीकडून बराच वेळ बोलणं चाललं होतं. हा नुसता हं हं करत होता. फोन ठेवल्यावर म्हणाला की त्याच्या आजोबांनी १९६७ मध्ये नानांच्या प्रचाराच्या सभेला सतरंज्या टाकल्या होत्या, आणि हे त्यांनी घरात कधी कोणाला सांगितलंच नव्हतं. कोणी विचारलंच नव्हतं म्हणे!

आमचं राजकारणावर अजूनही पटत नाही. तो अजूनही म्हणतो की शंभरातले नव्याण्णव संधिसाधूच असतात. असतीलही. पण आता आम्ही भांडून झाल्यावर एकत्र चहाला जातो.

जाता जाता एकच विनंती. पुढच्या सुट्टीत घरी गेलात की घरातल्या म्हाताऱ्या माणसांना एकदा विचारा, त्यांचं मत आयुष्यात कधी आणि कशाने बदललं. मी हौसाबाईंना विचारायला उशीर केला. तुम्ही करू नका.

क्रांतिसिंह नाना पाटील यांना विनम्र अभिवादन!

(तृतीय वर्ष, यंत्र अभियांत्रिकी)